माळ्यावरची मुंबई

मुंबईत सध्या घरं रिकामी करण्याची साथ आली आहे. जपानच्या मारी कोंडोबाईंनी सांगून ठेवलंय, की वस्तू हातात घ्या, मनाला आनंद होतो का बघा, होत नसेल तर तिचे आभार माना आणि निरोप द्या. परळ-लालबागपासून विरारपर्यंत लोक मिक्सरचे आभार मानत सुटलेत. बाईंनी सगळं नीट सांगितलं, फक्त निरोप दिलेल्या वस्तूने जायचं कुठे, हे सांगायचं राहून गेलं. तो पत्ता आम्ही देतो. मुक्काम पोस्ट दाभोळ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी.

गणपतीला आठवडा उरला की बघा. आधी चाकरमान्याचा फोन येतो, मग चाकरमानी येतो, आणि मागून टेम्पो. मुंबई-गोवा महामार्गावरून आल्यामुळे, निघताना जी वस्तू धड होती तीही आता मोडकी असते. टेम्पोचं फळकट खाली पडतं आणि एकेक पाहुणा उतरतो. एका अंगाने खचलेला सोफा. धुणं धुणारं पण न पिळणारं वॉशिंग मशीन. फक्त चटणीचं भांडं उरलेला मिक्सर. वर्षभर कपडे वाळत घातलेली व्यायामाची सायकल. दोरीने बांधलेली पाठ्यपुस्तकं, ज्यांतून शिकलेला मुलगा आता कॅनडात असतो. मग चाकरमानी कमरेवर हात ठेवून ते वाक्य म्हणतो, जे कोकणात आरतीइतकंच पाठ आहे: "टाकवत नव्हतं हो. म्हटलं, गावच्या घराला चालेल."

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या कचऱ्याचे तीन वर्ग पाडले: ओला, सुका आणि घरगुती घातक. मुंबईकराने स्वतःच्या बुद्धीने चौथा काढला: गावचा. हे नियम मुळात लिहिले गेले ते नगरपालिका, महानगरपालिका आणि शहरवजा वस्त्यांसाठी. म्हणजे नियम शहराला आणि माल गावाला, अशी ही चोख वाटणी होती.

आता कोणी म्हणेल, गावच्या माणसांनी नको म्हणावं. म्हणून बघा. गावच्या घरात भाऊ राहतो, भावजय राहते, म्हातारी आई असते. घर मात्र सगळ्यांचं. वहिनी दारात उभी राहून सोफ्याकडे बघते, दाराच्या रुंदीकडे बघते, आणि म्हणते, "ठेवा पडवीत." तिला पक्कं ठाऊक असतं, की हा सोफा बसण्यासाठी आलेला नाही, हिस्सा राखण्यासाठी आलेला आहे. माणूस मुंबईत आणि नाव घरपट्टीवर असलं, की मधे काहीतरी वजनदार ठेवावं लागतं. मागच्या खोलीत कपाट, कपाटाला कुलूप, किल्ली डोंबिवलीत. वर्षातून दहा दिवस ती "आमची खोली" असते, बाकी दिवस तिच्यात वाळवी असते. वाळवी हिस्सा मागत नाही. खाऊन टाकते.

एखाद्या माळ्यावर चढून बघाच. शिडीवरून डोकं वर काढलं, की समोर जुना टीव्ही. चांगला हातभर खोल, मागे पोक आलेला, वर लोकरीचं विणलेलं आच्छादन, त्यावर प्लास्टिकचा मोर. हा २००० सालच्या आसपास भायखळ्याहून आला. त्याच्या शेजारी दुसरा, ठाण्याहून. त्या दोघांच्या मधे डीव्हीडी प्लेयर, रिमोटला रबरबँड. पूर्वी याच माळ्यावर भाताची कणगी, आंब्याची अढी आणि गौरींचे मुखवटे असत. आता मुखवटे वर्षातून एकदा दोन टीव्हींच्या मधून वाट काढत खाली येतात.

या टीव्हीचं करायचं काय, हा प्रश्न आम्ही भंगारवाल्याला विचारला. आपल्या देशात पर्यावरणाचं खरं खातं तोच चालवतो, फक्त त्याला मंत्रिपद नाही. त्याचा तराजू फार प्रामाणिक आहे: तांबं म्हटलं की डोळे चमकतात, पितळेला हसतो, ॲल्युमिनियमला मान हलवतो, लोखंड उचलतो, रद्दी उपकार म्हणून घेतो. गादी? नको. काच? नको. थर्माकोल? तो दोन्ही हात जोडतो. टीव्ही दाखवला तर म्हणतो, "आतली तांब्याची तार काढून देता का? बाकी ऱ्हाऊंदे." ते 'बाकी' म्हणजे शिसं असलेली जाड काच. फ्रीजचंही तसंच. कॉम्प्रेसर जातो, गॅस हवेत जातो, आणि उरलेल्या सांगाड्यात कोंबडी अंडी घालते. कोंबडीला त्यातून आनंद होतो की नाही, हे कोंडोबाईंनी येऊन ठरवावं.

कायदा नाही असं समजू नका. कायदा भरपूर आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या यादीत शंभरावर वस्तू आहेत आणि त्या परत गोळा होऊन त्यांचं नीट विघटन होतंय हे बघण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. ट्यूबलाइट, सीएफएल दिवे, बॅटऱ्या, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं हे २०१६ च्या नियमांत घरगुती घातक कचऱ्यात मोडत होतं आणि ते वेगळं द्यायचं असतं. कोणाला द्यायचं, हे विचारू नका. ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून ती फोडू नये, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे कोणी फोडत नाही. अलगद नेऊन पऱ्यात ठेवतात.

पऱ्या पावसात खाडीला मिळतो आणि खाडी कधी पावती मागत नाही. वरच्या अंगाला लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आहेच. तिच्या सांडपाण्यावरून खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडतायत. कारखाने जे मोठ्या पाइपाने करतात तेच आपण पिशवीने केलं तर एवढं काय, असा सगळ्यांचा समज. जाळं ओढणाऱ्याच्या हाती मात्र बोंबलाआधी पिशवी लागते. शिमग्याच्या होमातही आता निव्वळ लाकूड पडेल अशी खात्री नाही. सोफ्याचा फोम आणि रेक्झिन पेटलं, की फाका घालणाऱ्यांच्या तोंडून शिव्यांआधी खोकला बाहेर पडतो.

तरी या विषयात दाभोळचा हात कोणी धरू नये. नको झालेल्या वस्तूचं काय करावं, हे शिकायला आम्ही अख्ख्या महाराष्ट्राला शिकवणी लावली होती. तिची फी अब्जांत होती. तिचं नाव एन्रॉन, अमेरिकी कंपनीचा वीज प्रकल्प.

वस्तू उतरली खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरला. नाव मात्र दाभोळ पॉवर कंपनी. म्हणजे सोफा शेजाऱ्याच्या पडवीत आणि बोभाटा आमच्या घराचा. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची गर्जना केली. खाडीत टाकून मोकळं होण्याची आमची घरगुती पद्धत राज्याचं धोरण होणार, म्हणून आम्हाला केवढा अभिमान वाटला! ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्दही झाला. मग फेरवाटाघाटी झाल्या आणि पुढच्याच वर्षी रद्द केलेली वस्तू परत आली. एकटी नाही. आधी राज्याच्या वीज मंडळाच्या मर्जीवर असलेला दुसरा टप्पाही पदराला बांधून आली.

१९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग, की वीज मंडळाला दिवा लावण्यापेक्षा अंधार परवडू लागला. मे २००१ मध्ये यंत्रं थांबली. डिसेंबरात अमेरिकेत मूळ मालकाने दिवाळखोरीचा अर्ज केला. चाकरमानी निदान पुढच्या गणपतीला तोंड दाखवतो, हा तेवढाही नाही. वस्तू आमच्या माळ्यावर आणि हप्ते आमच्या बँकांवर. शेवटी २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी वहिनींनी "ठेवा पडवीत" म्हटलं, रत्नागिरी गॅस अँड पॉवर असं बारसं केलं, २००६ मध्ये धूळ झटकून चालू केलं. पुढे गॅस मिळेना म्हणून पुन्हा थंड. २०१५ च्या अखेरीला रेल्वेला वीज देण्यासाठी पुन्हा गरम. चटणीच्या भांड्यापुरता उरलेला मिक्सर आणि हा प्रकल्प यांत फरक एवढाच, की मिक्सरवर मंत्रिमंडळाची बैठक होत नाही.

सगळंच काळंकुट्ट आहे असंही नाही. याच गावात किनाऱ्याजवळ शाही मशीद उभी आहे. आख्यायिका अशी, की विजापूरची राजकन्या मक्केला निघाली, पुढचा प्रवास काही जमेना, तेव्हा बरोबर आणलेलं धन तिने इथे मशिदीत लावलं. दाभोळला परगावाहून आलेली आणि गावाला खरोखर उपयोगी पडलेली जादा चीज, ही एवढी एकच ठळक नोंद. तीसुद्धा बाईने रोख दिली म्हणून. सोफा दिला असता तर तोही माळ्यावर असता.

तेव्हा वस्तूंची जबाबदारीने वासलात लावू इच्छिणाऱ्या मुंबईकरांसाठी दाभोळची नम्र नियमावली अशी. टेम्पो भरण्याआधी विचारावं. वहिनी हो म्हणाली, तर सासूबाई देवळात गेल्यावर तिला पुन्हा विचारावं. वस्तू चालू असेल तरच द्यावी, वायर, झाकण आणि रिमोटसकट. दुरुस्त होण्याजोगी असेल तर दुरुस्ती आपल्या खर्चाने आणि आपल्या गावी करावी. नवी घेताना जुनी बनवणाऱ्या कंपनीच्या गळ्यात मारावी, तिचा गळा कायद्याने त्यासाठीच ठेवलेला आहे. हिस्सा राखायचा असेल तर सोफा नको, घरपट्टी भरावी.

आणि शेवटचं कलम: विसर्जनानंतर टेम्पो रिकामा परत जाता कामा नये. नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ आम्ही देतोच. त्याच्या खाली दोन टीव्ही, खोकाभर ट्यूब आणि मेलेल्या बॅटऱ्या नीट बांधून देऊ. ई-कचरा घेणारे नोंदणीकृत लोक तुमच्याकडे आहेत, आमच्याकडे फक्त कोंबडी आहे.

येत्या ग्रामपंचायत निवडणुकीत जो उमेदवार हा परतीचा टेम्पो सुरू करील, त्याला आमचं मत. मात्र त्याने भाषणाच्या भरात माळ्यावरचा माल समुद्रात बुडवण्याची घोषणा तेवढी करू नये. पुढच्या गणपतीला दोन टेम्पो येतील.