झाकणाला हात लावण्याआधी

प्रथम पाटी वाचावी. अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की आक्षी, नागाव, चौल या पट्ट्यात वाडीमागून वाडीला एकच मजकूर दिसतो: 'घरगुती जेवण मिळेल'. खाली मोबाइल नंबर, त्याखाली 'ए.सी. रूम'. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला यातला 'घरगुती' हा शब्द फार आवडतो. त्याच्या समजुतीप्रमाणे, आता आपण या घरचेच. घराच्या समजुतीप्रमाणे, इथे मेनूकार्ड मागू नये. पुढचे बहुतेक घोटाळे या दोन समजुतींच्या मधल्या जागेत होतात. ते टळावेत म्हणून पाहुण्यांच्या सोयीसाठी ही नियमावली.

नियमावलीला पूर्वपीठिका लागते. ती इथे तयार आहे. रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी अफानासी निकितीन 1469 च्या सुमारास होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. बरोबर विकायला एक घोडा होता. तो जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि परत मिळेपर्यंत निकितीनचा जीव टांगणीला लागला, पण ती गोष्ट वेगळी. आपल्या कामाच्या आहेत त्या त्याच्या जेवणाबद्दलच्या नोंदी. इथले हिंदू उजव्या हाताने जेवतात, सुरी-चमचा त्यांना ठाऊक नाही. भात आणि तूप घातलेली खिचडी खातात. घोड्यांनाही खिचडीच घालतात. मुसलमानाची नजर अन्नावर पडली तर ते अन्न खात नाहीत, काही जण तर जेवताना वरून कापड ओढून घेतात. आणि बायकोबरोबर जेवायला बसत नाहीत.

थोडक्यात, बिचाऱ्याला कुणी भांड्यात डोकावू दिलं नाही. पुढे बिदरला मुक्काम लांबला, ओळखी झाल्या, आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत, हे त्याने सांगितलं. त्यानंतर मात्र लोकांनी त्याच्यापासून काही लपवणं सोडून दिलं, जेवणसुद्धा. रेवदंड्यात आज त्याचं स्मारक आहे. 1957 साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियनांबरोबर मिळून त्याच्यावर 'परदेसी' नावाचा चित्रपट काढला आणि त्यात त्याची गाठ थेट नर्गिसशी घालून दिली. शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी चढवून, मांडव्याला उतरवून, दुपारी दीडला 'अस्सल अनुभवा'साठी पाटावर बसू पाहणाऱ्याने निकितीनची टिपणं डोळ्यांसमोर ठेवावीत, चित्रपट नव्हे.

आता वार पाहावा. पंचांग नसेल तर निदान मोबाइलमध्ये पाहावा. समुद्राकाठचं घर म्हणजे रोज मासे, असा घाटावर एक समज आहे. प्रत्यक्षात सोमवार, गुरुवार, शनिवार यांतला एखाददुसरा वार बहुतेक घरांत पाळला जातो, संकष्टी वेगळी, मार्गशीर्षातले गुरुवार वेगळे, आणि श्रावण तर अख्खाच गेला. गुरुवारी जाऊन 'आज फिश काय आहे?' असं विचारणाऱ्या पाहुण्याला 'आज वार आहे' एवढंच उत्तर मिळतं. ते उत्तर पूर्ण आहे. त्यावर 'कुठला वार?' असं विचारू नये.

सरकारचाही एक वार आहे, फक्त तो एकसष्ट दिवसांचा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरणाऱ्याला ती मिळते, पण ती त्याच्याइतकाच किंवा त्याच्याहून लांबचा प्रवास करून आलेली असते. घरात तेव्हा सुकट असते, सुके बोंबील असतात, वाकट्या असतात, आणि वरच्या फळीवर घट्ट झाकणाच्या बरणीत सोडे असतात. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. ही बरणी पाहुण्यासमोर उघडली गेली तर त्याने गप्प बसून मान द्यावा. सोड्यांच्या भावाची चौकशी बाजारात करावी, म्हणजे मान आपोआप वाढेल.

माशांची नावं पाठ करून जाणं चांगलं, पण पापलेट, सुरमई, हलवा ही तीनच येत असतील तर तोंड न उघडलेलं बरं. ही नावं हॉटेलांची. मोठा मासा बहुतेक वेळा मुंबईचा बाजार धरतो. घरात राहतात मांदेली, बोंबील, बोय, ढोमा, जवळा, खडकावरची कालवं, चिखलातले निवटे. यातलं जे पुढ्यात येईल ते घरचं जेवण. अपवाद जिताड्याचा. अलिबागच्या खारेपाटात, शहापूर-धेरंडकडे, घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवतात आणि जावई आला की तळ्यात जाळं पडतं. पाहुण्याला जिताडा वाढला गेला तर त्याने समजावं की एक तर आपला मान मोठा आहे, किंवा जावई ऐन वेळी आला नाही.

मांदेली खाण्याची परीक्षा पहिल्या पाच मिनिटांत होते. बोटभर मासा, रवा लावून कडक तळलेला. नवशिका तो मधून मोडतो आणि मग उरलेलं जेवण जिभेने काटे शोधण्यात घालवतो. रीत अशी: डोकं दोन बोटांत धरावं, दुसऱ्या हाताने नव्हे, त्याच हाताच्या अंगठ्याने पाठ दाबावी, आणि हलकेच ओढावं. मधला काटा डोक्याबरोबर एकसंध निघतो, कंगव्यासारखा. हे पहिल्या खेपेला जमलं तर समोरचे आजोबा काही बोलत नाहीत, फक्त आणखी चार मांदेल्या ताटात सरकवतात. चिंबोरी आली तर नांगी दाताने फोडण्याची मर्दुमकी करू नये. घरात वरवंटा असतो.

सगळीकडे नियम सारखे आहेत, असंही समजू नये. याच किनाऱ्यावर दिवेआगरच्या घरात केळीच्या पानावर उकडीचे मोदक येतात, पण ते आदल्या दिवशी सांगावे लागतात, आणि आकडा सांगावा लागतो. 'बघू तिथे आल्यावर' हा आकडा नव्हे. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे कोकणी मुसलमानांच्या घरी सांदण मिळालं तर ते इडलीसारखं दिसतं म्हणून सांबार मागू नये, ते गोड असतं. कोर्लईच्या किल्ल्याखाली ख्रिस्ती वस्तीत घरातली माणसं आपसांत पोर्तुगीज वळणाच्या बोलीत काही बोलली तर ते पाहुण्याबद्दलच असेल, असं नाही. असूही शकेल.

आणि अलिबागेत एखाद्या बेने इस्रायली घरी पान मांडलं गेलं, तर कोलंबी का नाही, असं विचारून आपलं अज्ञान उघडं करू नये. पंख आणि खवले दोन्ही असलेलाच मासा त्यांना चालतो. म्हणून कोलंबी नाही, चिंबोरी नाही, मोरीसुद्धा नाही. मटणाच्या जेवणात दूधदुभतं चालत नाही, मग रस्सा नारळाच्या दुधात. परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा हा वंश. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागला. आडनावंही इथल्या गावांवरूनच, त्यांचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहिमकर होते, त्यात सगळं आलं. नवस फेडताना एलियाहू पैगंबराच्या नावाने ते मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा, भोवती फळं. पोहे, खोबरं आणि नवस, एवढं जमलं की कोकणात कुणी परका उरत नाही. आता बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, अलिबागेत मोजकीच घरं उरली. मलिद्याचं ताट मात्र तिकडेही मांडलं जातं, आणि जुनी माणसं तिथे मराठीत 'अजून घे' म्हणतात.

'अजून घे' हे प्रकरण स्वतंत्र आहे. आगरी घरात 'बस जेवाला' हे निमंत्रण नसतं, आदेश असतो. तो एकदा नाकारावा, सवयीने. दुसऱ्यांदा नाकारावा, सभ्यतेने. तिसऱ्यांदा नाकारला की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात आणि पाहुण्याला पोटाचं काही दुखणं आहे असं ठरतं. जेवताना 'पुरे' हा शब्द निरुपयोगी आहे. ताटावर आडवा हात धरला तर भाकरी हातावर पडते. अनुभवी पाहुणे 'अर्धीच द्या' म्हणतात. हा डाव घराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. अर्धी येते, ती खाल्ली की उरलेली अर्धी येते, कारण टोपलीत तुकडा ठेवत नाहीत.

भाकरी मात्र तांदळाची, आणि शक्यतो डोळ्यांनी बघून खावी. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढलेली, मळून लोण्यासारखी मऊ केलेली. पाण्याचा हात लावून गोळा दोन तळव्यांमध्ये फिरतो, थपथप वाजतो, आणि कडा न चिरता पुरीएवढ्याचा ताटाएवढा होतो. तव्यावर पडली की वरून पुन्हा पाण्याचा हात. उलटली की फुगते. 'मी करून बघू?' असं विचारणारा पाहुणा दर मोसमात एक तरी निघतो. त्याला गोळा दिला जातो, घरातली पोरं जमतात, आणि ती भाकरी नंतर कुत्र्याला मिळते. त्याऐवजी त्याने वाल सोलायला बसावं. भिजवून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात पडलेले असतात. दाणा चिमटीत धरून दाबला की साल बोटांत राहते आणि दाणा टपकन ताटलीत उडतो. यात कौशल्य फारसं नाही, वेळ भरपूर जातो, आणि वेळ जात असतो तोवर घरातली बाई बोलू लागते. भात कुणी लावला, सून कुठल्या गावची, जमीन कुणी विकली आणि तिथे आता कुणाचा बंगला आहे. पाटीवर जे जेवण लिहिलेलं नसतं त्याची सुरुवात साधारण इथे होते.

इथे झाकणाचा विषय येतो. शिजत असलेल्या भांड्याचं झाकण पाहुण्याने उचलू नये. निकितीनच्या काळचा विटाळ गेला, पण वाफ जाते हे कारण शिल्लक आहे. पूर्वी परक्याची नजर पडली की अन्न टाकून देत. आता परक्याचा मोबाइल वर आला की सगळं घर ताटावर हात आवरून फोटो संपायची वाट बघतं आणि रस्सा निवतो. फोटो काढायचाच तर विचारून, एकच, आणि चुलीपाशी बसलेल्या बाईचा घामेजलेला चेहरा न घेता.

तिच्याबद्दल एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. 'स्थानिक कुटुंबासोबत जेवलो' असं नंतर सांगणारा पाहुणा ज्यांच्यासोबत जेवलेला असतो ते बहुतेक वेळा घरातले पुरुष आणि पोरं असतात. जिने रांधलं ती पंगतीत नसते. ती वाढत असते, आणि सगळे उठल्यावर, तीनच्या पुढे, स्वयंपाकघरात बसून जेवते. निकितीनची कापडाची नोंद कालबाह्य झाली. बायकोबरोबर न जेवण्याची नोंद साडेपाचशे वर्षांनी दुरुस्त करायला घेतली तर अजूनही पुष्कळ घरांत हात आखडेल. म्हणून माशाची तिसरी तुकडी मागू नये. तुकड्या मोजून टाकलेल्या असतात, आणि आग्रह कितीही झाला तरी तिसरी तुकडी ज्या वाटणीतून येते ती वाटणी तिची असते. शेवटी तिच्याकडे डोकं आणि रस्सा उरतो. 'आम्हाला डोकंच आवडतं' असं ती सांगते. पाहुण्याने त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी 'तुम्हीही बसा, आम्ही घेऊ हाताने' असं एकदा म्हणून बघावं. बहुधा ती बसणार नाही. पण बसलीच, तर सरकून जागा करावी.

पैशांचं सोपं आहे. पाटी असेल तिथे भाव आधी विचारावा, नंतर घासाघीस करू नये. पाटी नसेल, नुसतं बोलावलं असेल, तर पाकीट काढू नये. घरातल्या लहान पोराच्या हातावर 'खाऊला' म्हणून ठेवावेत. पुण्याहून येणाऱ्याने बाकरवडी आणू नये, ती कुणीतरी आधीच आणलेली असते. 'अलिबाग से आया है क्या?' हा विनोद मुंबईतच ठेवून यावं. त्याविरुद्ध एक याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली होती आणि 2019 मध्ये फेटाळली गेली, म्हणजे विनोद कायदेशीर आहे. पण न्यायालय जेवायला वाढत नाही.

जेवण झालं की सुपारी येते, श्रीवर्धनी रोठा असेल तर नशीब. मग निघायचं. फेब्रुवारी ते मे या दिवसांत गेलेल्याने अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळ्याच्या पांढऱ्या कांद्याची एक माळ घ्यावी. हा कांदा कच्चा खाता येण्याइतका गोड असतो आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. निघताना फडक्यात किंवा वर्तमानपत्रात काहीतरी बांधून दिलं जातं, बहुधा दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. पोट भरलेलं असतं, वास गाडीभर पसरणार असतो, आणि 'नको, नको' अगदी जिभेवर आलेलं असतं. नाकारू नये. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, दर्या खवळला की रो-रोचाही भरवसा नसतो, आणि मग परतीची वाट वडखळवरून आहे. रविवारी संध्याकाळी वडखळ नाक्याआधी गाड्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत सुकटीची भाकरी विकणारं अजून कुणी नाही.