गादीचा तंटा

॥ श्री ॥

नॉटिंगहॅम,
गुरुवार, रात्रौ

तीर्थरूप अण्णांचे सेवेशी,

बालके बाळूचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. पैकी ‘शिर’ तेवढे वगळून उरलेला सप्तांग नमस्कार चरणी रुजू झाला असे समजावे. शिराचा हप्ता वैद्यकीय कारणास्तव तूर्त तहकूब आहे.

“मानेचे काय ते एकदा लेखी कळव, फोनवर तुझी आई मध्येच बोलते आणि मुद्दा राहून जातो,” असा आपला हुकूम झाला, आणि सातारच्या मामलेदार कचेरीत उभी हयात दफ्तर सांभाळलेल्या गृहस्थापुढे तोंडी जबाब टिकत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे, ही कैफियत सादर करीत आहे.

मूळ हकीकत चौदा महिन्यांपूर्वीची. सकाळी कामावर निघताना, एक पाय उंबऱ्याबाहेर आणि एक आत अशा अवस्थेत, मला शिंक आली. शिंकेनंतर दोन क्षण थांबून घोटभर पाणी प्यावे आणि मग निघावे हा आईचा दंडक. पण ट्राम चुकेल म्हणून मी तो मोडला, आणि मानेत कोणी सुतळी तोडावी तसे काहीसे झाले. येथील डॉक्टरांचे म्हणणे असे की गादी आतून आधीच झिजलेली असावी, शिंक केवळ निमित्त. आईचे म्हणणे आपणांस घरच्या घरी ऐकावयास मिळतच असेल.

आपल्याकडे या विकारास ‘गादी सरकली’ असे म्हणतात, आणि सातारकराच्या कानी ‘गादी’ हा शब्द पडला की त्यास प्रथम 1731 चा वारणेचा तह आठवतो, मग 1848 साली डलहौसीने खालसा केलेले राज्य आठवते, आणि स्वतःच्या मानेची आठवण होते ती सर्वांत शेवटी. ही गादी म्हणजे दोन मणक्यांमधील उशी: बाहेरून चिवट तंतूंचे कडे, आत मऊ गर. कडे फाटले की गर बाहेर डोकावतो, आणि तेथून तंट्यास प्रारंभ होतो.

तंट्याची मोजणी एमआरआय नावाच्या यंत्राने झाली. हे यंत्र ज्यांच्या संशोधनामुळे माणसांच्या उपयोगी पडले त्यांपैकी एक, सर पीटर मॅन्सफिल्ड, याच गावच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांना 2003 साली पॉल लॉटरबर यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, आणि 1978 साली, सहकाऱ्यांना धाकधूक वाटत असताना, ते स्वतःच त्या नळीत जाऊन उभे राहिले होते. त्या धैर्याचे मोल मला नळीत आडवे केल्यावर कळले. हातात एक रबरी फुगा देऊन, जीव घाबरल्यास दाबा आणि एरवी तसूभरही हलू नका, अशी ताकीद मिळाली. पुढील पंचवीस मिनिटे, ढोल गैरहजर असताना ताशेवाल्याने एकट्यानेच मिरवणूक रेटून न्यावी, असा आवाज कानांशी चालू होता, आणि माझे सारे पूर्वपुण्य नाकाच्या शेंड्यावर उठलेल्या खाजेशी झुंजण्यात खर्ची पडत होते.

नकाशा हाती आला तो असा. मानेत मणके सात, आणि मज्जातंतूंच्या जोड्या आठ. म्हणजे गट सात आणि खातेदार आठ. अशा जागी तंटा न उपजेल तरच नवल! (जिराफासही मणके सातच असतात, हे धाकटीने शाळेतून येऊन सांगितले. त्याने माझे कोणते सांत्वन व्हावयाचे होते, हे तिने सांगितले नाही.) सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधील गादीने डाव्या अंगास बांध कोरून सातव्या तंतूच्या हद्दीत अतिक्रमण केले आहे, आणि त्या तंतूचा अंमल दंडाच्या मागील बाजूने थेट मधल्या बोटापर्यंत असल्यामुळे, चोरी मानेत आणि बोंब बोटात, असा प्रकार झाला.

या बोटाने एकदा मला अडचणीत आणले. त्यास मुंग्या आल्या की ते उभे धरून दुसऱ्या हाताने चोळण्याचा परिपाठ मी ठेवला होता, आणि असाच ट्राममध्ये बसून एकाग्र चित्ताने चोळत असताना समोरच्या गृहस्थांचा चेहरा लालबुंद झालेला दिसला. मधले एकटे बोट कोणाच्या तोंडासमोर उभे करणे हा या देशी घोर अपमान समजला जातो; कशाच्या तोडीचा, ते वडिलांना लिहिण्याजोगे नाही. त्या गृहस्थांनी मागे वळून, हा अपमान अन्य कोणाचा तर नव्हे ना, याची खातरजमा केली, क्षणभर स्वतःचे काही अपराध आठवून पाहिले, आणि शेवटी उतरता उतरता तेच बोट मला सव्याज परत करून ते चालते झाले.

दुसरा प्रसंग लेस्टरचा. तेथे एका मराठी बिऱ्हाडी गाण्याची बैठक होती, आणि यजमानांनी आग्रहाने मला अगदी पुढे बसविले. बाईंनी यमन असा काही मांडला की दर समेला सारी बैठक मान टाकत होती. मी मात्र, अंतःकरण भरून आलेले असताही, टपाल कचेरीपुढील पेटीसारखा स्थिर. दाद देण्यासाठी बोट उचलावे, तर बोटाचा पूर्वेतिहास वर लिहिलाच आहे. मध्यंतरात बाई स्वतः येऊन, “काही कमी पडलं का हो?” असे विचारत्या झाल्या, तेव्हा सौ.ने माझ्या गादीची समग्र बखर त्यांस ऐकविली. उत्तरार्धात त्या माझ्याकडे पाहून प्रत्येक सम थोडी जपून घेत होत्या, असा मला संशय आहे.

उपचार म्हणाल तर शस्त्रक्रियेची निकड नाही. पाय अडखळू लागले, हातातून वस्तू गळू लागल्या, किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी धावत यावे. एरवी धीर धरावा, असा डॉक्टरांचा निवाडा आहे. बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा आपणच हळूहळू खालसा करते. त्याप्रमाणे हाताची कळ सातव्या महिन्यात गेली. मान मात्र जशीच्या तशी राहिली. ताठ मानेने जगावे ही आपली शिकवण मी आता अक्षरशः पाळतो, कारण अन्य तऱ्हेने जगता येत नाही.

व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी हनुवटी सरळ मागे ओढून धरण्याचा एक प्रकार नेमून दिला आहे. तो करताना, एखाद्या अर्जावर स्टँप कमी लागलेला पाहून आपला जो चेहरा होत असे, तंतोतंत तोच माझा होतो; धाकटीने पाहताक्षणी “आजोबा!” म्हणून टाळ्या पिटल्या, आणि छायाचित्र काढले. सोबत जोडले आहे.

रात्री तीनच्या सुमारास मात्र विनोद सुचत नाही. कोणत्याही कुशीवर मान ठरत नाही, तेव्हा स्वयंपाकघरातील खुर्चीवर जाऊन बसतो. थोड्या वेळाने सौ. येते, काही विचारत नाही, चहाचे आधण ठेवते, आणि आम्ही दोघे समोरच्या घराच्या कौलांवर पडणारा पाऊस पाहत बसतो. हेही कैफियतीत नमूद असावे म्हणून लिहिले.

वडिलांस अधिक काय लिहिणे?

आपला आज्ञाधारक,
बाळू

ता. क. आईने पाठविलेली गोधडी चौघडी करून मानेखाली घेतो, आणि तिने फार गुण आला असे मी तिला फोनवर सांगितले आहे. गुण आलेला नाही. पत्र वाचून दाखविताना एवढा मजकूर गाळावा. आणि पाकीट आधी आईच्याच हाती पडले असल्यास: आई, गोधडी फार ऊबदार आहे.