मुहूर्त बदलला, तिकीट बदला

लग्नाचा मुहूर्त दोन दिवस पुढे गेला तर गुरुजी दक्षिणा वाढवत नाहीत. मंगल कार्यालयवाला थोडी कुरकुर करतो, आचारी ‘बघू’ म्हणतो, विषय संपतो. विमान कंपनी तर कुरकुरही करत नाही. तिच्या संकेतस्थळावर ‘तारीख बदला’ असं लोभस बटण असतं. पुण्याहून नागपूरला लग्नाला निघालेल्या चौघांनी ते दाबलं की हिशेब उलगडतो: माणशी तीनेक हजार बदल शुल्क, जातानाचं वेगळं, येतानाचं वेगळं, वर नव्या तारखेच्या भाड्यातला फरक. नवं भाडं स्वस्त निघालं तर मात्र फरकाचा विषय कंपनी सहसा काढत नाही. पैशांच्या गोष्टी चारचौघांत कशाला!

एवढं भरताना विम्याची चौकट येते. विमा नको असेल तर ‘मी असुरक्षितच राहीन’ अशा अर्थाच्या वाक्यावर टिचकी मारायची. ही थट्टा नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी काढली, तीत ग्राहकाला लाजवून विकण्याचं उदाहरण म्हणून विमान तिकिटाचं हेच वाक्य दिलंय.

आता बाजू उलटी करू. सकाळी दहाचं विमान पहाटे साडेपाचला निघेल, असा कंपनीचा एसएमएस येतो. कारण ‘ऑपरेशनल’. या शब्दापुढे पावती फाटत नाही. तुमच्या आत्याच्या मुलीचं लग्न मात्र ऑपरेशनल कारणात बसत नाही. ज्याला तारीख बदलायचीय त्याने म्हणूनच देव पाण्यात घालून बसावं आणि कंपनीनेच उड्डाण रद्द करावं, असा नवस बोलावा. तसं झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं काय हवं ते निवडायचा हक्क तुमचा.

नवसावर विश्वास नसलेल्यांसाठी डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचे नियम आहेत. ते तिकिटावर ठळक छापायला कंपन्यांना जागा पुरत नसावी. देशांतर्गत प्रवासाला सात दिवस किंवा जास्त अवकाश असताना तिकीट काढलं, तर पूर्वी पहिले २४ तास ते दंडाविना बदलता वा रद्द करता यायचं. बदललंत तर भाड्यातला फरक तेवढा भरायचा. या २४ चे ४८ तास करण्याचा मसुदा डीजीसीएने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला आणि २०२६ मध्ये तसा नियमही केला. तेव्हा तिकीट हाती पडल्यावर पहिली रात्र स्वप्नं बघण्यात घालवू नका. वऱ्हाडातल्या सगळ्यांना फोन करून तारीख पक्की करा आणि नावांची स्पेलिंगं तपासा.

दुसरा नियम २०१६ पासूनचा: रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि कर व विमानतळाची शुल्कं परत द्यावीच लागतात. ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरही, आणि विमान चुकलं तरीही. म्हणजे स्वस्तातल्या तिकिटाचं मूळ भाडं बदल शुल्काहून कमी असेल, तर ते रद्द करून नवं काढणं कधी कधी स्वस्त पडतं. नवं तिकीट मग दुसऱ्या कंपनीचंही चालतं.

हे गणित ते लोभस बटण तुम्हाला सांगणार नाही. ते दाबण्याआधी कागद-पेन घ्या, दोन्ही बेरजा मांडा आणि विमान चुकलं असेल तरी करांचे पैसे लेखी मागा. मागितल्याशिवाय ते सहसा येत नाहीत.