अवतरणकाका

मेलबर्नमध्ये २६ जानेवारीला आम्हाला सुट्टी मिळते ती इंग्लंडच्या राजाच्या कृपेने. १७८८ साली याच तारखेला त्याच्या कैद्यांनी भरलेल्या जहाजांनी सिडनीला झेंडा रोवला. (इथल्या मूळनिवाशांना हा दिवस सुतकाचा वाटतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.) दुपारी चारला टीव्हीवर दिल्लीचं संचलन लागतं, ते त्याच राजाच्या वंशजाला आपण १९५० साली रामराम केला म्हणून. मधल्या वेळात कुणाच्या तरी अंगणात मिसळ असते, बार्बेक्यूवर कणसं असतात आणि अवतरणकाका असतात.

काकांना स्वतःचं असं वाक्य नाही. भाजी खारट झाली हे सांगायलासुद्धा त्यांना सॉक्रेटिस लागतो. नोकरीत होते तेव्हा खिशात एक जाड डायरी असायची, आता फोन असतो. पण ते फोनमध्ये बघत नाहीत, नुसता हात ठेवतात, देवाच्या टाकावर ठेवावा तसा. सरावलेल्या माणसाला धोक्याच्या खुणा कळतात. चमचा खाली ठेवला तर लोकमान्य. अख्खी वाटी ठेवली तर चर्चिल. चष्मा काढून पुसायला घेतला की संस्कृत. ज्याला जमेल त्याने स्वयंपाकघरात सटकावं.

परवाची ठिणगी पाच डॉलरच्या नोटेने पडली. कुणाच्या तरी मुलाने नोटेवरची राणी दाखवून विचारलं, "या वारल्या ना? मग आता हिच्यावर राजा येणार का?" नाही येणार, रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्येच तसं जाहीर केलंय, एवढं सांगून मी कणीस उलटवायला वळलो. तेवढ्यात वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"चर्चिलने म्हटलंय," काका म्हणाले, "की लोकशाही ही सगळ्यात वाईट राज्यपद्धती आहे, बाकीच्या सगळ्या सोडून."

समोर सर होते. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक, काकांचे एकमेव तुल्यबळ. "काका, ते चर्चिलचं नाही. ११ नोव्हेंबर १९४७ ला पार्लमेंटात तो स्वतःच म्हणाला होता की असं म्हटलं गेलेलं आहे. आणि ११ नोव्हेंबरच काढलीत, तर १९७५ ची घ्या! गव्हर्नर जनरलने पंतप्रधानाला घरी बसवलं. तेव्हा व्हिटलम संसदेच्या पायऱ्यांवर काय म्हणाला? राणीला देव तारेलही, गव्हर्नर जनरलला कुणी तारणार नाही!"

"फ्रँकलिन!" काका गरजले. "१७८७, फिलाडेल्फिया! गणराज्य दिलंय, टिकवता आलं तर!"

मग सरांनी मेंझिस काढला. १९६३ मध्ये या पंतप्रधानाने कॅनबेरात भर मेजवानीत राणीला उद्देशून जुन्या इंग्रजी प्रेमकवितेच्या ओळी म्हटल्या होत्या, आणि राणी लाजून लाल झाली होती. म्हणजे हा आजार इथे आपल्या लोकांनी आणलेला नाही. काकांनी उत्तरादाखल व्होल्तेअरचं ते सुप्रसिद्ध वाक्य फेकलं, जे व्होल्तेअरचं नसून १९०६ साली त्याच्या मित्रमंडळींवर पुस्तक लिहिणाऱ्या एका इंग्रज बाईंचं आहे. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की काका राजाच्या बाजूने आहेत की विरुद्ध, हे कुणालाच माहीत नाही. सर मघाशी गणराज्याच्या बाजूने होते, मेंझिसपासून त्यांचंही काही खरं नव्हतं.

शेवटी दोघेही बाबासाहेबांवर आले. २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण, राजकारणातल्या विभूतिपूजेचा इशारा. दोघांनी एकाच परिच्छेदाचे दोन तुकडे एकमेकांना मारले. खरं तर त्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतः जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला दिलाय, डॅनियल ओकॉनेलचा दिलाय. पण तो देऊन ते पुढे आपलं म्हणणं मांडतात. आमचे काका दाखल्यापाशी उतरतात, तेच त्यांचं शेवटचं स्टेशन.

"पण अध्यक्ष निवडणार कोण?" कणसाला लिंबू चोळत काकूंनी विचारलं.

अंगणात शांतता पसरली. १९९९ च्या सार्वमतात सगळं गाडं इथेच रुतलं होतं. राणीऐवजी अध्यक्ष, आणि तो संसदेने दोन तृतीयांश मतांनी नेमायचा, असा तो प्रस्ताव. ज्यांना अध्यक्ष थेट लोकांकडून निवडून हवा होता त्यांच्यातले बरेच जण रागावून राणीच्या माणसांबरोबर 'नाही' म्हणाले. 'हो' ला पंचेचाळीस टक्के. सहापैकी एकही राज्य नाही, फक्त राजधानीचा प्रदेश. या दोन तृतीयांशावर ना चर्चिल बोललाय ना लोकमान्य, म्हणून आमच्या अंगणात तो विषय निघत नाही.

काकूंना अवतरण लागत नाही, त्यांच्याकडे अनुभव आहे. काकांनी नागरिकत्व घेतलं १९८८ ला, तेव्हा राणीशी आणि तिच्या वारसांशी निष्ठेची शपथ होती. काकूंनी घेतलं १९९५ ला. तोवर शपथेतून राणी गेली होती, उरला देश आणि देशाची माणसं. एका घरात दोन निष्ठा. "म्हणून तर यांच्याशी वाद घालत नाही," काकू म्हणतात, "राजद्रोह व्हायचा."

मी आवाज खाली आणून विचारलं, "काकू, १९९९ ला काकांनी मत कुणाला दिलं होतं?"

"अहो, सांगू का?" काकूंनी विचारलं. काकांनी चष्मा पुसायला घेतला.

इथल्या सार्वमतात फुली मारायची नसते. चौकोनात स्वतःच्या हाताने 'येस' किंवा 'नो' लिहायचं असतं. मतदान सक्तीचं, त्यामुळे काका गेले होते. बाहेर शाळेच्या आवारात सॉसेजची रांग होती, काकू तिथे कांद्याचा पाव खात थांबल्या होत्या. काका आत बराच वेळ होते. बाहेर आले ते प्रसन्न चेहऱ्याने.

"एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात?" ते काकूंना म्हणाले. "मी फ्रँकलिन लिहिला. चौकोनात मावत नव्हता, समासात पूर्ण केला."

त्या सार्वमतात एक लाखाहून अधिक मतं बाद झाली.