मंत्राला माफी, यंत्राची उलटतपासणी

रहिमतपूरचा काय किंवा मुंबईचा काय, मराठी प्रेक्षक कमालीचा तर्कनिष्ठ असतो. कारण १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये मृत्युंजय मंत्राच्या बळावर गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, तेव्हा तो निःशंकपणे टाळ्या वाजवतो, मात्र सुजय डहाके यांच्या २०१६ च्या ‘फुंतरू’मध्ये होलोग्राम, म्हणजे प्रकाशाने उभी केलेली त्रिमितीय प्रतिमा, अवतरते, तेव्हा त्याला भौतिकशास्त्राचे सारे नियम एकदम आठवतात. विज्ञानपट, म्हणजे कल्पित शोधाचे परिणाम तपासणारा चित्रपट, मराठीत विरळा का, याचे उत्तर यातच आहे: मंत्राला श्रद्धा पुरते, यंत्राला मात्र तिकीटखिडकीवरच पुरावा द्यावा लागतो. तरीही ‘फुंतरू’ आवर्जून पाहावा, निदान चुका काढण्यासाठी तरी. बाहुल्याच्या बाबतीत ते कष्ट कोणी घेतलेच नाहीत.