हमखास साडेपाच : आयईएलटीएसच्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

आयईएलटीएससाठी बाजारात जेवढी पुस्तकं मिळतात, ती सगळी सात-साडेसात बँड कसे मिळवायचे ते सांगतात. साडेपाचवर पाय रोवून कसं राहायचं, हे कुणीच सांगत नाही. वास्तविक लेखन आणि संभाषण या दोन विभागांत कितीतरी मंडळी कुणाच्या मदतीशिवाय तिथवर पोचतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. त्यांच्या पद्धतीला जरा शिस्त लावून द्यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी या इंग्रजीच्या परीक्षेची तोंडओळख. श्रवण, वाचन, लेखन, संभाषण असे चार विभाग. प्रत्येकात शून्य ते नऊ बँड, मध्ये अर्ध्या-अर्ध्या बँडच्या पायऱ्या, आणि शेवटी चारांची सरासरी. श्रवण आणि वाचन यांत चाळीस-चाळीस प्रश्न. उत्तर एकतर बरोबर, नाहीतर चूक. तिथे सराव केलेली आपली मुलं बरी चालतात. लेखन आणि संभाषण मात्र माणूस तपासतो, आणि तिथे तुम्हाला स्वतःचं काहीतरी म्हणावं लागतं.

समजा, श्रवणात ७.५, वाचनात ७, संभाषणात ६ आणि लेखनात ५.५ मिळाले. सरासरी ६.५. घरी पेढे येतात, काकांना फोन जातो. मग रात्री विद्यापीठाचं पत्र कुणीतरी शेवटपर्यंत वाचतं: एकूण ६.५ हवेत, पण कुठल्याही एका विभागात ६च्या खाली चालणार नाही. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला परदेशी परिचारिकांकडून पूर्वी चारही विभागांत ७ लागत. २०१८च्या अखेरीस त्यांनी एका विभागात अर्ध्या बँडची सूट दिली. कुठल्या, ते ओळखा. श्रवणात नव्हे.

पूर्वतयारी

तयारीचा पाया आपल्याकडे तयारच आहे. आपण '२१ अपेक्षित'वर वाढलेली माणसं. प्रश्न काय येणार याचा अंदाज बांधायचा, उत्तर पाठ करायचं, आणि भलताच प्रश्न आला तरी पाठ केलेलंच लिहून यायचं, हे कसब दहावीपर्यंत अंगी बाणलेलं असतं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, म्हणजे आज परीक्षेला बसणाऱ्या मराठी शाळेतल्या मुलानेही निदान बारा वर्षं इंग्रजीची वही बाळगलेली असते. त्या बारा वर्षांत त्याने इंग्रजीतून कुणाला स्वतःहून काही सांगितलं असेल, याची मात्र खात्री देता येत नाही. हा पाया अजिबात हलवू नका.

जिन्यावर 'सेव्हन प्लस बँड गॅरंटी' असा बोर्ड असलेला क्लास लावा. तिथे टेम्पलेट मिळतं. टेम्पलेट म्हणजे निबंधाचा सांगाडा: पहिल्या परिच्छेदाची चार वाक्यं आधीच तयार, मधे रिकामी जागा, शेवटी पुन्हा तयार वाक्यं. प्रश्न मोबाइलचा असो, म्हातारपणाचा असो की अंतराळ संशोधनाचा, सुरुवात एकच: 'इन धिस मॉडर्न एरा ऑफ ग्लोबलायझेशन, इट इज अ हायली डिबेटेबल इश्यू.' परीक्षकाने त्या सकाळी हे वाक्य आधी वाचलं असण्याचा संभव मोठा आहे. तुमचं वाचताना त्याला घरी आल्यासारखं वाटेल.

फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकण्याचा फाजील सल्ला काही जण देतात. मुळीच ऐकू नका. दोन मिनिटांच्या बोलण्यात 'बेसिकली' किती वेळा आलं, वाक्य सुरू करून कितीदा अर्ध्यावर सोडलं, 'शी' म्हणता म्हणता आजीचा 'ही' कधी झाला, हे सगळं ऐकू येतं आणि उगाच सुधारणा सुरू होते. तसंच लिहिलेला निबंध पुन्हा लिहू नका. रोज नवा विषय घ्या, रोज नवा निबंध लिहा आणि रोज त्याच चुका करा. यालाच भरपूर सराव म्हणतात.

लेखन

एक तास, दोन कामं. परीक्षेचे प्रकार दोन. अकॅडमिकमध्ये पहिलं काम आलेख किंवा तक्त्याचं वर्णन, किमान १५० शब्द. जनरल ट्रेनिंगमध्ये त्याजागी पत्र. दुसरं काम निबंध, किमान २५० शब्द. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. म्हणून पहिल्या कामाला पस्तीस मिनिटं द्यावीत. उरलेल्या पंचवीस मिनिटांत निबंध घाईने लिहिला की शेवटचा परिच्छेद आपोआप राहतो.

आलेखात प्रत्येक आकडा उतरवून काढा. १९९०मध्ये चहाची विक्री इतकी, १९९१मध्ये इतकी, १९९२मध्ये इतकी. एकंदरीत चहा घसरला आणि कॉफी चढली, असं ढोबळ चित्र एका वाक्यात सांगणं कटाक्षाने टाळा. ते वाक्य नसलं की दिलेलं काम कितपत पुरं केलं, या निकषावर पाचच्या वर जाणं अवघड होऊन बसतं. वर आपलं मत जरूर द्या: 'लोकांना कॉफी आवडू लागली कारण चहाने पित्त होतं.' आलेखात पित्ताचा उल्लेख नाही, ही आलेखाची उणीव.

आता निबंध. प्रश्न असा धरू: शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी असावी, या मताशी तुम्ही कितपत सहमत आहात? पुण्यातला मुलगा आहे, रोज दुचाकीवरून सिंहगड रस्त्याने येतो-जातो. या विषयावर तो चहाच्या टपरीवर अर्धा तास बोलू शकतो, आणि ऐकण्यासारखं बोलतो. गाड्या बंद करा म्हणणं सोपं, पण बस कधी येईल याचा भरवसा नसेल तर कामाला वेळेवर पोचायचं कसं? आधी बस नीट करा, मग बंदी घाला. आणि घालायचीच तर दुकानांत माल आणणाऱ्या टेम्पोंचं काय ते ठरवून घाला. हा झाला मुद्दा. त्यात भूमिका आहे, अट आहे, उदाहरण आहे. उत्तरपत्रिकेत यातलं अक्षर येता कामा नये, कारण हे जसंच्या तसं साध्या इंग्रजीत उतरलं तर परीक्षकाला हा माणूस काय म्हणतो ते कळेल. त्याऐवजी प्रश्नातलं वाक्य शब्द न शब्द उतरवा. उतरवलेले शब्द गुणांत धरत नाहीत, त्यामुळे मेहनतही वाचते आणि बँडही. मग लिहा: गाड्यांमुळे प्रदूषण होतं. मोरओव्हर, प्रदूषण आरोग्याला घातक आहे. फर्दरमोर, आरोग्य ही संपत्ती आहे. इन अॅडिशन, सरकारने पावलं उचलावीत.

या जोडशब्दांबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण क्लासमध्ये त्यांची छापील यादी मिळते आणि ती पाकिटात ठेवण्याच्या योग्यतेची असते. प्रत्येक वाक्याच्या आधी एक जोडशब्द लावावा. दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे की नाही, ही चौकशी करू नये. गुणपद्धतीच्या अधिकृत वर्णनात सहाच्या आसपास अशा जोडणीला 'यांत्रिक' म्हटलं आहे. नेम साडेपाचवर असताना त्याला बारीकसं गालबोट लागू शकतं, म्हणून यादीतला एखादा शब्द चुकीच्या जागी वापरून समतोल साधावा. 'ऑन द कॉन्ट्ररी' त्यासाठी उत्तम. तो बहुतेक कुठेही चुकतो.

शब्दसंपत्तीचंही तसंच. 'मेनी' लिहायचं तिथे 'प्लेथोरा', 'बॅड' लिहायचं तिथे 'डिट्रिमेंटल', आणि एका निबंधात एकदा तरी नाण्याच्या दोन बाजू. निकषात नेमकेपणा पाहतात, वजन पाहत नाहीत, हे खरं असलं तरी नवशिक्यांनी त्याकडे दुर्लक्ष करावं. (मला स्वतःला या पाठांतर करणाऱ्या मुलांचा राग येत नाही. परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर, शिवाय क्लासचे पैसे वेगळे. इतक्या पैशांत साधी वाक्यं लिहून यायची म्हणजे कुणालाही आपण फसवले गेलो असं वाटणारच.)

संभाषण

अकरा ते चौदा मिनिटांचा खेळ, तीन भागांत. सगळं रेकॉर्ड होतं.

पहिल्या भागात घर, गाव, शिक्षण, आवडीनिवडी. 'मायसेल्फ' म्हणून सुरुवात करा, दर वाक्याला 'सर' लावा. समोर बाई असल्या तरी 'सर'च लावा, सवय मोडू नये. तुम्हाला स्वयंपाक आवडतो का, या प्रश्नाला 'नो सर' एवढंच उत्तर द्या आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहा. आवडत नाही, कारण होस्टेलमध्ये डाळ दोनदा करपली आणि मग रूममेटने कुकरला हात लावू दिला नाही, असलं खरं कारण सांगत बसू नका.

उच्चारासाठी तीन आठवड्यांत अमेरिकन व्हा. परीक्षेत ढब मोजत नाहीत. बोललेलं कळतं का, आघात योग्य जागी पडतो का, सूर सपाट राहतो का, एवढंच बघतात. पण ढब कमावली की लक्ष तिकडे जातं आणि वाक्य सुटतं. शिवाय ती पहिल्या दीड मिनिटानंतर टिकत नाही. मग 'वॉडर'चं पुन्हा 'वॉटर' होतं आणि एकाच खुर्चीत दोन उमेदवार बसल्यासारखं ऐकू येतं.

खरी गंमत दुसऱ्या भागात आहे. हातात एक कार्ड देतात, कागद-पेन्सिल देतात, तयारीला एक मिनिट, आणि मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. इथे आजोबा कामाला येतात. क्लासमध्ये 'माय ग्रँडफादर' हे भाषण पाठ केलेलं असतं, आणि आजोबा कुठल्याही कार्डावर बसतात. आदर्श व्यक्ती: आजोबा. आवडतं पुस्तक: आजोबांनी दिलेलं. घरातलं जुनं फर्निचर: ज्या खुर्चीवर आजोबा बसत. पाठ केलेलं बोलणं परीक्षकाच्या कानाला लगेच समजतं. बोलणाऱ्याचे डोळे छताकडे जातात, वेग अचानक वाढतो, व्याकरण एकदम निर्दोष होतं आणि पुढच्याच प्रश्नाला पुन्हा कोसळतं.

एक नमुना जवळून पाहू. मुलगी सांगलीची. कार्डावर: 'तुम्हाला माहीत असलेल्या नदीबद्दल किंवा तळ्याबद्दल सांगा.' आमच्या पद्धतीचं उत्तर असं: कृष्णा ही महाराष्ट्रातली एक महत्त्वाची नदी आहे. ती महाबळेश्वरला उगम पावते. ती कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशातून वाहते. ती बंगालच्या उपसागराला मिळते. पाणी हे जीवन आहे. आपण नद्या स्वच्छ ठेवल्या पाहिजेत. पस्तीस सेकंदांत समुद्रापर्यंत पोचता येतं. मग शांतता. 'कॅन यू टेल मी एनिथिंग मोर?' आणखी काही नाही. नदीच संपली.

आता हिने काय टाळलं ते बघा. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ती शाळेत होती. दर तासाला कुणीतरी फूट-इंच सांगत होतं. आधी चपला वर ठेवल्या, मग गहू, मग टीव्ही, मग आजीला. शेजारच्या गल्लीतून बोट जात होती, आणि तिच्या डोक्यात एकच विचार: बोटीतल्या काकांना आपली सायकल बुडालेली दिसत असेल का? पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहिली, आणि वास दिवाळीपर्यंत गेला नाही. हे सांगायला घेतलं असतं तर भूतकाळ आला असता, चालू भूतकाळ आला असता, 'आम्ही सामान वर नेईपर्यंत पाणी जिन्यात आलं होतं' म्हणताना पूर्ण भूतकाळही न बोलावता आला असता. दोन मिनिटं कमीच पडली असती. परीक्षकाला मध्येच थांबवावं लागलं असतं. (थांबवतात ते वेळ संपते म्हणून. बाहेर येऊन रडायचं कारण नाही, पण रडण्याची प्रथा आहे.) एखादं क्रियापद चुकलंही असतं. तरी सहाच्या वर जाण्याचा धोका होताच. तिला शेवटी कृष्णेच्या उगमानेच सावरलं.

तिसऱ्या भागात त्याच विषयावरचे जरा खोल प्रश्न येतात: नद्यांकाठी शहरं का वाढली, पूररेषेत बांधकाम का होतं. इथे मत विचारतात, ज्ञान नाही. 'आय हॅव नो आयडिया सर' म्हणा. आणि परीक्षक मान हलवतो म्हणजे पटलं, भुवया चढवतो म्हणजे गेलं, असे अंदाज बांधत राहा. तेवढ्यात प्रश्न ऐकायचा राहून जातो.

निकालानंतर

५.५ आले. अभिनंदन. आता तीन दारं उघडी असतात. पहिलं, फेरतपासणी: सहा आठवड्यांच्या आत अर्ज करायचा, गुण वाढले तर फी परत मिळते. दुसरं, संपूर्ण परीक्षा नव्याने. तिसरं, संगणकावर दिली असेल तर साठ दिवसांच्या आत एकाच विभागाची फेरपरीक्षा, बाकीचे तीन विभाग आहेत तसे राहतात. तिसरा मार्ग आमच्या विद्यार्थ्यांत लोकप्रिय आहे, कारण त्यात तेच टेम्पलेट थोड्याच दिवसांत, ताजं असतानाच, पुन्हा वापरता येतं.

फक्त अशी एका विभागाची फेरपरीक्षा तुमचं विद्यापीठ मानतं का, ते आधी विचारून घ्यावं लागतं. त्यासाठी प्रवेश कार्यालयाला मेल करायचा. जरा जपून. रात्री साडेअकराला, डोकं दुखत असताना, माणूस सहज लिहून जातो: मी अमुक अभ्यासक्रमाला अर्ज केला आहे, लेखनात मला अर्धा बँड कमी आहे, मी तेवढीच परीक्षा पुन्हा दिली तर चालेल का? तीन ओळी, एकही 'मोरओव्हर' नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर येतं: हो, चालेल, निकाल अमुक तारखेच्या आत पाठवा. हा मेल क्लासमध्ये कुणाला दाखवू नका, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तर स्वतःही उघडून वाचू नका.