दंड कायम, बटण गायब

फेब्रुवारी २००९मध्ये गूगलच्या सुंदर पिचाईंनी मायक्रोसॉफ्टविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर गळ्यात मारला जातो आणि त्यामुळे बाकीच्या ब्राउझरांवर अन्याय होतो, असे त्यांचे म्हणणे. युरोपीय आयोगापुढच्या प्रकरणात गूगललाही बाजू मांडायची होती. तक्रार शंभर टक्के रास्त होती. आयोगाने मायक्रोसॉफ्टला नमवले, २०१०पासून युरोपातल्या विंडोजवर ब्राउझर निवडण्याची सोय आली, आणि ती दाखवण्यात कसूर झाली म्हणून २०१३मध्ये ५६.१ कोटी युरोंचा दंडही बसला.

हेच गूगल अँड्रॉइडचे मालक म्हणून कसे वागले? प्ले स्टोअर हवे असेल तर फोन कंपनीने सर्च, क्रोम, यूट्यूबसकट अख्खा संच घ्यायचा. वर लिहून द्यायचे, की गूगलला मान्य नसलेली अँड्रॉइडची आवृत्ती आम्ही एकाही फोनवर विकणार नाही. सप्टेंबर २०१२मध्ये एसर कंपनी शांघायमध्ये अलीबाबाच्या अलियुन प्रणालीचा फोन आणणार होती. समारंभ ऐनवेळी रद्द झाला. अँड्रॉइडची भागीदारी तोडू, अशी तंबी गूगलने एसरला दिली, असे अलीबाबाने सांगितले. गूगलचा युक्तिवाद असा, की अलियुन ही अँड्रॉइडचीच विसंगत आवृत्ती आहे आणि तसे काही न करण्याचा शब्द एसरने दिला होता. दिला असेल. पण तो शब्द न देता प्ले स्टोअर मिळत होते का?

यालाच या कंपन्या स्पर्धा म्हणतात. कुणाचे सॉफ्टवेअर सरस, याचा निकाल लागण्याआधीच गिऱ्हाईक बांधून घेतलेले असते. मला याची चीड येते, कारण अन्याय कशाला म्हणतात हे गूगलला पुरते ठाऊक होते.

२०१८मध्ये युरोपने गूगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडे तिघा तरुणांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी लावली आणि ऑक्टोबर २०२२मध्ये १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. आकड्याचे मथळे झाले. माझ्या मते त्या आदेशातला खरा ऐवज वेगळाच होता: आधीच भरून दिलेली गूगलची ॲप काढून टाकायला ग्राहकाला आडकाठी करायची नाही, असे आयोगाने बजावले होते. मार्च २०२३मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि नेमका हा निर्देश, आणखी तीन निर्देशांसोबत, रद्द केला. सर्च इंजिन निवडण्याच्या मुभेसह बाकीचे निर्देश वाचले.

दंडाचे पैसे सरकारी तिजोरीत जातात. आठ-दहा हजारांचा फोन हप्त्याने घेणाऱ्या माणसाला काय मिळते? क्रोमच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ॲपची माहिती उघडा. ‘अनइन्स्टॉल’ नसते, फार तर ‘डिसेबल’ असते. ॲप नजरेआड होते, पण फॅक्टरीतून आलेली प्रत फोनमध्ये जागा अडवून बसते, आणि मुलांच्या शाळेचे व्हिडिओ उडवून मोकळी जागा करावी लागते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. तिथे वकिलांनी दंडाच्या रकमेवर हवी तेवढी घासाघीस करावी, पण काढून टाकण्याचे बटण ग्राहकाला परत मिळालेच पाहिजे. आणि ते पैसे मोजून घेतलेल्या प्रत्येक फोनवर हवे, मग प्रणाली गूगलची असो, ॲपलची असो की उद्या एखाद्या भारतीय कंपनीची.